पालघरच्या पाड्यांवरची भूक, रेशन आणि पोषण आहार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर आणि वाडा-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर रेशन व आहाराच्या अडचणी सोडवायला आम्ही काही जण मिळून मदत करतो. फोनवर किंवा बाजाराच्या दिवशी लोक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. काही प्रश्न ज्यांच्या घरात दाणा नाही त्यांचे आहेत, काही मदत करू इच्छिणाऱ्यांचे. रकमा आणि अटी सरकार बदलत असते, म्हणून अर्ज करण्याआधी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत एकदा विचारून घ्या.

रेशन तर फुकट मिळतं. मग उपाशी कोण राहतं?

ज्यांचं नाव यादीत नाही ते राहतात, आणि नाव असलेलेही राहतात. हिशेब करून बघा. प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे कमी उत्पन्नामुळे रेशनच्या यादीत असलेल्या घराला, माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, म्हणजे दिवसाला १६७ ग्रॅमच्या आसपास. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाचं एवढ्यावर भागत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी रोजची थाळी सांगितली, तिच्यात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं किंवा अंडी-मांस, ४०० ग्रॅम भाजी आणि २७ ग्रॅम तेल आहे. यातलं फक्त धान्य रेशनवर येतं, तेही पूर्ण नाही. डाळ, तेल, भाजी विकत आणायची, आणि त्याला रोख पैसा लागतो.

आमच्याकडे रोख पैसा वर्षभर नसतो. नाचणी, वरई, भात दिवाळीच्या आगेमागे घरात येतं. डोंगरउताराची थोडी जमीन, त्यामुळे ते बहुतेक घरांत होळीपर्यंतही पुरत नाही. दिवाळीनंतर माणसं भट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. आणलेला पैसा बी-बियाणं, आजारपण, जुनं देणं यांत जातो. मग जुलै ते सप्टेंबर हे महिने सगळ्यांत वाईट. शेतात काम भरपूर, घरात खायला कमी, आणि पोरांची तापा-जुलाबाची दुखणीही याच दिवसांत. त्यात गणपतीच्या सुमारास भट्टीवाल्याकडून बयाणा घेतला जातो, आणि पुढचं अख्खं वर्ष त्या पैशाला बांधलं जातं.

१९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत मुलं दगावली तेव्हा साऱ्या राज्याचं लक्ष इकडे वळलं. तेव्हापासून योजना खूप आल्या. त्या कागदावरून पाड्यावर पोचताना जिथे अडतात, तिथे भूक आहे. म्हणून आमचं बहुतेक काम अर्ज, पोच आणि पाठपुरावा याचंच असतं.

शेजारच्या घरात खायला नाही हे कसं ओळखायचं? कुणी सांगत तर नाही.

कुणी सांगत नाही, हे खरं. आम्ही काही खुणा बघतो. सकाळ-संध्याकाळ नुसता भात आणि मिरची-मीठ किंवा सुक्या जवळ्याचं पाणी. घरची बाई सगळ्यांत शेवटी जेवते आणि टोपात काही उरलेलं नसतं. म्हातारा माणूस "भूक नाही" म्हणून ताट सरकवतो, पण शेजारच्या घरी गेला की पोटभर जेवतो. पोर शाळेत सकाळी सुस्त असतं आणि खिचडीच्या वेळी पहिलं रांगेत उभं राहतं. दुकानदाराने उधारी बंद केलेली असते. पावसाळ्यात घरात कडू कंद उकडून, रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवून खाल्ला जात असेल, तर धान्य संपलं आहे असं समजा.

थेट "तुमच्याकडे खायला नाही का?" असं विचारू नका. "या महिन्याचं रेशन उचललं का?" असं विचारा. त्यातून बहुतेक सगळं कळतं.

कोणत्या कार्डावर किती धान्य मिळतं?

हे राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने ठरतं. कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात तो १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. अंत्योदय कार्डाला, म्हणजे सर्वांत गरीब घरांच्या कार्डाला, महिन्याला कुटुंबामागे ३५ किलो, मग घरात दोन माणसं असोत की आठ. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्ण मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं तसंच ठेवण्याचा केंद्राचा निर्णय आहे. दुकानदार धान्याचे पैसे मागत असेल तर ते चूक आहे.

प्राधान्य यादीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये आहे. कातकरी कुटुंबांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या विशेष असुरक्षित आदिम जमाती आहेत, आणि अशा कुटुंबांना अंत्योदय कार्ड मिळायला हवं. तुमच्याकडे प्राधान्य किंवा साधं केशरी कार्ड असेल तर बदलून घेण्यासाठी अर्ज करा. चार माणसांच्या घरात २० किलो आणि ३५ किलो यातला फरक म्हणजे महिन्याचे शेवटचे दहा-बारा दिवस.

कार्ड आहे, पण दुकानदार म्हणतो "नाव ऑनलाइन नाही". आता?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. हातातलं कार्ड आणि मशीनवरची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डावर सहा नावं असतात, मशीनवर चारच दिसतात, आणि धान्य चौघांचंच मिळतं. घरात जन्मलेलं मूल, लग्न होऊन आलेली सून, आधार न जोडलेली म्हातारी ही नावं हमखास राहून जातात.

आधी कार्डाचा १२ अंकी नंबर शोधा. तो दुकानातल्या मशीनच्या पावतीवर असतो. "मेरा राशन" अ‍ॅपवर तो टाकला की कुणाची नावं चढली आहेत ते दिसतं. राहिलेल्या नावासाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत नाव वाढवण्याचा अर्ज द्या. सोबत कार्डाची प्रत, त्या माणसाचं आधार, लहान मुलासाठी जन्मदाखला. अर्जाची तारखेसह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पोच नसेल तर पुढच्या महिन्यात तुमचा अर्ज कुणालाच आठवत नाही.

"इष्टांक संपला" हे उत्तर ऐकायला मिळेल. प्रत्येक तालुक्याला किती माणसांना धान्य द्यायचं याचा आकडा ठरलेला आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. राज्याचा एकूण आकडा सुमारे ७ कोटी. त्यानंतर जन्मलेली मुलं आता शाळा सोडायच्या वयाला आली, तरी आकडा तोच. हा अन्याय आहे असं आमचं स्पष्ट मत आहे. तरीही अर्ज द्याच. मयत झालेल्यांची, गाव सोडून गेलेल्यांची नावं कमी झाली की जागा होते, आणि ती ज्याचा अर्ज आधीपासून दाखल आहे त्यालाच मिळू शकते. ग्रामसभेत यादीचं वाचन मागा. कुणाचं नाव जायला हवं आणि कुणाचं यायला हवं, हे गावाइतकं कुणाला ठाऊक नसतं.

सून घरात आली, पण तिचं नाव माहेरच्या कार्डावरच आहे.

आधी माहेरच्या तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इथे नाव चढवायचं. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर यात महिने जातात, आणि त्या महिन्यांत ती बहुतेक वेळा गरोदर असते. म्हणून लग्न ठरल्यावर जशी पत्रिका छापता तसाच हा दाखलाही त्याच धावपळीत काढून ठेवा. कायद्याप्रमाणे कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव असतं, हेही अर्ज भरताना विसरू नका.

आजीचा थम लागत नाही म्हणून धान्य नाकारलं. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही. जन्मभर भात लावणी, गवत कापणी, जातं, चूल. त्या बोटांवर रेषा राहत नाहीत. दुकानात बघितलंय आम्ही: आजी पदराने अंगठा पुसते, मशीनवर दाबते, मशीन नाही म्हणतं. कुणी सांगतं तेल लाव, कुणी सांगतं पाण्याने धू. ती दहाही बोटं लावून बघते आणि मागची माणसं चुळबुळायला लागली की पिशवी घडी करून बाजूला होते. पुन्हा यायला सहा किलोमीटर चालायचं असतं.

आधार नाही किंवा जुळत नाही म्हणून कुणाचंही धान्य अडवू नये, असं केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्रात राज्यांना कळवलेलं आहे. दुकानदाराला हे शांतपणे सांगा. घरातल्या कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी चालतो. नव्या मशीनला डोळा तपासायची सोय आहे. एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी त्याच्या वतीने धान्य घेणारा माणूस नेमता येतो, त्याचा अर्ज पुरवठा शाखेत करायचा.

ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, मात्र टाळू नका. ती दुकानातच मोफत होते, आणि चेहरा दाखवून मोबाइलवरही करता येते. सहा महिने धान्यच उचललं नाही तर कार्ड बंद पडू शकतं, त्यामुळे आजारपणात किंवा बाहेरगावी असतानाही कुणाकरवी तरी उचल चालू ठेवा.

आम्ही सहा महिने भट्टीवर असतो. रेशन गावाला. काय करायचं?

भट्टीजवळच्या कुठल्याही रेशन दुकानात तुमचं धान्य मिळतं. एक देश एक रेशन कार्ड अशी ही सोय आहे. वेगळा अर्ज नाही, कार्ड बदलायचं नाही. कार्डाचा नंबर किंवा आधार सांगायचं आणि अंगठा लावायचा. आईबाप गावी असतील तर थोडं धान्य ते तिकडे घेतील आणि उरलेलं तुम्ही इकडे घेऊ शकता. गुजरातमध्ये वापी-उंबरगावकडे कामाला गेलात तरी चालतं.

अडचण अशी की भट्टीजवळचा दुकानदार म्हणतो, "माझ्या दुकानाला तेवढा कोटा नाही, महिनाअखेर या." म्हणून महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच जा आणि दोन-चार कुटुंबं मिळून जा. आणि सोबतच्या लहान पोरांना जवळच्या अंगणवाडीत न्या. मूल कुठल्याही गावचं असो, हजर असेल तर त्याला आहार द्यायचा असतो. गावच्या सेविकेला सांगून पोषण ट्रॅकर या अंगणवाडीच्या अ‍ॅपमध्ये मुलाचं नाव इकडच्या अंगणवाडीत हलवता येतं.

रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. ते फेकून द्यायचे का?

नाही, अजिबात फेकू नका. ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून तांदळाच्या आकाराचे दाणे करतात आणि शंभर दाण्यांत एक या प्रमाणात ते मिसळतात. ते थोडे पिवळट दिसतात, हलके असतात, धुताना पाण्यावर तरंगतात, म्हणून शंका येते. बायका तासन्तास निवडून ते कोंबड्यांना टाकतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ५४.२ टक्के बायकांना आणि पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, आणि हे दाणे त्यासाठीच आहेत. तांदूळ कमी पाण्यात, हलक्या हाताने धुवा आणि पेज काढून टाकू नका. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना एकदा विचारा.

दुकानदार धान्य कमी देतो, पावती देत नाही.

मशीनमधून पावती निघतेच. ती मागून घ्या आणि तिच्यावरचे किलो वाचा, वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराला सोबत न्या. तक्रारीसाठी १९६७ किंवा १८००-२२-४९५० या मोफत क्रमांकांवर फोन करता येतो. लेखी तक्रार तहसीलदारांकडे, तिथे दाद लागली नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, आणि त्यावर राज्य अन्न आयोग आहे. धान्य मिळालंच नाही तर कायद्याने अन्न सुरक्षा भत्ता द्यावा लागतो, हे फार कमी लोकांना माहीत असतं. एकट्याने तक्रार केली की दुकानदाराशी वैर होतं, दहा कार्डधारकांनी एका कागदावर सह्या-अंगठे केले की नीट ऐकलं जातं.

आमचं मूल कुपोषित आहे का, हे कसं कळेल?

डोळ्यांनी कळेलच असं नाही. सगळी पोरं सारखीच बारीक असली की आईला आपलं मूल ठीकच वाटतं. अंगणवाडीत दर महिन्याला वजन आणि उंची घेतली जाते, तिथे नेत जा. सेविकेकडे किंवा आशाताईकडे दंडघेर मोजायची रंगीत फीत असते. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर फितीवर लाल रंग येतो, ते तीव्र कुपोषण, म्हणजे सॅम. ११.५ ते १२.५ मध्ये पिवळा, तो मध्यम, म्हणजे मॅम. त्यावर हिरवा.

घरी एक तपासणी करता येते. मुलाच्या दोन्ही पावलांवर अंगठ्याने थोडा वेळ दाबून धरा. बोट काढल्यावर खळगा तसाच राहिला तर ती सूज आहे. गाल फुगीर, पाय भरलेले दिसतात आणि घरचे म्हणतात पोर बाळसं धरतंय. ते बाळसं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

वर सांगितलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने लुकडी आढळली. १०.९ टक्के तीव्र लुकडी. म्हणजे तुमच्या मुलाला लाल रंग आला तर त्यात आईबापांना लाज वाटावी असं काही नाही. लवकर कळलं हे बरंच झालं.

दवाखान्यात ठेवायला सांगतात. पण घरी दुसरी पोरं आहेत, शेत आहे.

ही अडचण खरी आहे, आणि "आईलाच समज नाही" असं बोलणाऱ्यांचा आम्हाला राग येतो. लावणीच्या दिवसांत पंधरा दिवस घर सोडणं म्हणजे वर्षाचं भात सोडणं.

सगळ्याच मुलांना दवाखाना लागत नाही. मूल खातंय, ताप नाही, सूज नाही, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात, म्हणजे बहुधा अंगणवाडीतच, त्याला दिवसातून बऱ्याच वेळा थोडं-थोडं खायला देऊन औषधांसह सुधारता येतं. पण मूल तोंडच फिरवत असेल, सूज असेल, ताप-जुलाब असतील, तर सरकारी रुग्णालयातलं पोषण पुनर्वसन केंद्र, ज्याला सगळे एनआरसी म्हणतात, तिथे न्यावंच लागतं. सुमारे दोन आठवडे राहायचं. उपचार मोफत, आईचं जेवण तिथेच, आणि बुडालेल्या मजुरीपोटी रोजचे पैसे मिळतात. बँक पासबुक सोबत न्या. धाकटं अंगावर पिणारं असेल तर तेही आईसोबत राहू शकतं. थोरल्यांना शेजारी सांभाळणार का, शेताला कुणी हातभार लावेल का, हे आशाताई आणि पाड्यावरच्या बायकांनी मिळून ठरवलं की आई निघते. भगताकडे जायचं असेल तर जाऊन या, त्यावर आम्ही भांडत नाही, पण दवाखाना पुढे ढकलू नका.

घरी परतल्यावर पुन्हा तोच नुसता भात सुरू झाला तर मूल परत घसरतं. भातात चमचाभर तेल, कुटलेले शेंगदाणे, सुकटीची पूड, शेवग्याचा पाला घाला. नाचणीची आंबील आहेच.

गरोदर आणि बाळंतीण बायकांना काय मिळतं?

आदिवासी भागात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत एक वेळचं पूर्ण गरम जेवण: भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडं किंवा केळं. हे अंगणवाडीत बसून खायचं, डबा घरी नेला की तो चार तोंडांत वाटला जातो. सासूबाईंनी तेवढा वेळ सुनेला सोडावं. याच योजनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळं मिळायचं असतं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहाराची पाकिटं वेगळी. ती घेताना आता मोबाइलवर चेहरा जुळवतात, म्हणून स्वतः जा. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपयेही आहेत.

शाळेतल्या खिचडीवर मुलाचं भागतं. सुट्टीत काय?

पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदळाचं, ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देणारं जेवण ठरलेलं आहे, सहावी ते आठवीला १५० ग्रॅमचं, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचं. शिजवलेलं गरम अन्नच द्यायचं, हा सर्वोच्च न्यायालयाचा २८ नोव्हेंबर २००१ चा आदेश आहे. अनेक पोरांचं दिवसातलं डाळ असलेलं जेवण एवढंच.

२०२३ च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी थांबवला आणि शाळांनी लोकसहभागातून करावं असं सांगितलं. आमच्या पाड्यांवर लोकसहभाग कुठून आणायचा? हे अंडं सरकारनेच परत द्यायला हवं. तोवर, शहरातल्या ज्यांना वाढदिवस शाळेत साजरा करायचा असेल त्यांनी केक आणू नये, मुख्याध्यापकांना विचारून त्या दिवशीची अंडी द्यावीत.

सुट्टीत मात्र मोठं भगदाड पडतं. दुष्काळ जाहीर झालेल्या भागातच उन्हाळ्यात शालेय आहार चालू राहतो. मे महिन्यात आमच्याकडे सगळ्यांत जास्त फोन याच कारणाने येतात.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काय आहे?

वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. विधवा, अपंग, दुर्धर आजारी यांना ६५ च्या आतही संजय गांधी निराधार योजना आहे. अर्ज तहसीलला. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात आणि वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पैसे बंद झाले की आधी हाच दाखला राहिलाय का ते बघा.

१,५०० रुपये म्हणजे दिवसाला ५०. बँक तालुक्याला, जायला-यायला जीप, रांगेत अर्धा दिवस. पैसे काढून देणारा पोस्टाचा माणूस किंवा 'बँक मित्र' पाड्यावर येत असेल तर त्याच्याकडून काढा, पण किती काढले आणि किती हातात आले हे कुणीतरी सोबत राहून बघा.

पैशापलीकडची गोष्ट अशी, की एकटा म्हातारा माणूस स्वतःपुरतं रांधत नाही. दात नसतात, भाकरी चावत नाही. सरपण आणवत नाही. सकाळचा भात संध्याकाळी, उरला तर दुसऱ्या दिवशी. मधुमेहाची गोळी उपाशीपोटी घेऊन चक्कर येऊन पडलेली माणसं आम्ही पाहिली आहेत. अशा घराला कोरडं धान्य देऊन उपयोग नाही. शेजारच्या एका घराशी ठरवा: त्या घराला डाळ-तेल आपण पुरवायचं, आणि त्यांनी दोन वेळचा मऊ भात-वरण आजीकडे पोचवायचं. इतक्या वर्षांत यापेक्षा चांगला उपाय आम्हाला सापडलेला नाही. नातलग छळत असतील किंवा टाकून दिलं असेल तर १४५६७ ही ज्येष्ठांची मदतवाहिनी आहे.

शिवभोजन थाळी अजून मिळते का?

ही योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. केंद्रं मुख्यतः तालुक्याच्या आणि शहराच्या ठिकाणी आहेत. अनुदान रखडल्याने काही केंद्रं बंद पडली, म्हणून पेशंट घेऊन येणार असाल तर चालू आहे का ते आधी विचारा. पाड्यावरच्या माणसाला जीपचं भाडंच थाळीपेक्षा जास्त पडतं.

फुकट धान्यामुळे लोक काम करेनासे झालेत, असं म्हणतात.

असं म्हणणाऱ्याने जानेवारीत एकदा वीटभट्टीवर यावं. पहाटे अंधारात चिखल तुडवायला सुरुवात होते, नवरा-बायको दोघं, पोर बाजूला झोळीत. धान्य फुकट मिळतं म्हणून हे थांबलेलं नाही. ५ किलो तांदळात घरभाडं, औषध, कपडा, तेल, मीठ काहीच येत नाही.

"लोक रेशनचा तांदूळ विकतात" हेही ऐकतो. काही विकतात, खरं आहे. त्या पैशातून तेल आणि सुकट आणतात. रेशनवर डाळ आणि तेल दिलं तर हे आपोआप कमी होईल.

आम्हाला मदत करायची आहे. काय द्यावं?

तांदूळ-गहू देऊ नका, ते रेशनवर आहे. तूरडाळ, मसूर, शेंगदाणे, गूळ, तेल, मीठ, सुके बोंबील किंवा जवळा, कांदे-बटाटे द्या. जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत द्या. दिवाळीला सगळे येतात, तेव्हा घरात नवं भात असतं.

बिस्किटांचे पुडे नकोत. पोर पुडा खाऊन पाणी पितं आणि मग जेवत नाही. दुधाची पावडर आणि बाळाचे डबे तर नकोतच. खराब पाण्यात कालवून बाटलीने पाजलं की जुलाब होतात, आणि आईचं दूध आटतं. देताना फोटो काढू नका. ज्या बाईने पिशवी घेतली ती उद्या त्याच पाड्यावर राहणार आहे.

आणि धान्यापेक्षाही जास्त उपयोग होईल असं एक काम आहे: महिन्यातून एक दिवस तहसीलला या. अर्ज लिहून द्या, नंबर ऑनलाइन तपासा, रांगेत सोबत उभे राहा. एक नाव यादीत चढलं की त्या माणसाला दर महिन्याला ५ किलो मिळत राहतं.

लग्नातलं उरलेलं जेवण आणून दिलं तर चालेल?

शहरात जवळच्या जवळ चालेल. शिजल्यापासून दोन-तीन तासांत गरम असतानाच पोचलं पाहिजे, ताटात वाढलेलं उष्टं नको, आणि पनीर, दही, मलईचे पदार्थ उन्हाळ्यात टाळा. मुंबईहून जव्हारला तीन-चार तास लागतात, वर घाटरस्ता. तेवढ्यात ते आंबतं आणि आधीच अशक्त असलेल्या पोरांना त्रास होतो. त्यापेक्षा उरलेला शिधा, न शिजवलेला, पाठवा.

आमच्या पाड्यावर अंगणवाडीच नाही. जवळची नाल्यापलीकडे आहे, पावसात पोरं जाऊ शकत नाहीत.

पाड्यावर सहा वर्षांखालची किमान ४० मुलं असतील तर अंगणवाडी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात म्हटलं आहे. मुलं कमी असतील तर छोट्या वस्तीसाठी मिनी अंगणवाडीची मागणी करता येते. सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, आईचं नाव अशी यादी करा. भट्टीवर गेलेल्या कुटुंबांची मुलंही धरा. ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात नाल्याचा आणि पावसाळ्याचा उल्लेख असू द्या. ठराव आणि यादी तालुक्याच्या बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे द्या, एक प्रत जिल्हा परिषदेच्या महिला व बाल कल्याण विभागाला. दोन्हीकडची पोच सांभाळून ठेवा. यादी करायला माणूस हवा असेल तर बाजाराच्या दिवशी आम्हाला सांगा, पाड्यावर येऊन करून देतो.